बाळ कोणाच्या मांडीवर

बाळंतपणाची रजा संपायला महिना उरला की घरात विषय निघतो : बाई ठेवायची का? आजी म्हणते, एवढेसे पोर परक्या बाईच्या हाती कसे सोपवायचे. बाळाचे बाबा पाळणाघरांचे पत्ते काढतात. शेजारीण एका ब्युरोचा नंबर देते आणि वर बजावते, नीट चौकशी केल्याशिवाय ठेवू नका. जिला कामावर परत जायचे असते तिला मात्र एकच गोष्ट टोचत असते, की पूर्वीच्या बायका आपली मुले आपण वाढवत होत्या आणि आपण ती दुसरीच्या हवाली करतो आहोत. निर्णय असतो पगाराचा, तासांचा, भरवशाचा. पण घेतला जातो तो या टोचणीच्या दडपणाखाली.

टोचणी खरी आहे, तिच्यामागचा इतिहास खरा नाही. आईने एकटीने मूल वाढवले असा काळ आपल्याकडे शोधू गेले तर सापडत नाही. सापडतात त्या दुसऱ्या बायका. कोणी पगारी, कोणी पोटावर राबणारी, कोणी नात्यात अडकलेली. बहुतेकींची नावेसुद्धा कुठे नोंदलेली नाहीत. म्हणून बाई ठेवावी की नाही हे ठरवण्याआधी ती कुठून आली ते पाहावे असे मला वाटते.

सर्वांत जुनी म्हणजे धात्री, दूध पाजणारी दाई. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळासाठी धात्री निवडताना काय पाहावे याची चांगली लांब यादी आहे. ती वयाने तरुण असावी, निरोगी असावी, स्वभावाने शांत असावी, स्वच्छतेची आवड असणारी असावी, व्यसनी नसावी. तिच्या दुधाचीही परीक्षा सांगितली आहे : पाण्यात टाकले की ते पाण्याशी एकजीव झाले पाहिजे. धात्रीच्या स्वतःच्या मुलाचाही उल्लेख त्या यादीत येतो, पण अट म्हणून. तिचे मूल जिवंत असावे. अंगावर दूध असण्यासाठी आणि ते दूध चांगले असल्याची खूण म्हणून ते जिवंत हवे. ती दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यावर ते मूल काय पिणार, कोणाजवळ झोपणार, हे यादीत येत नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत या कामाचे नाव बदलले, मोबदला बदलला, मालक बदलले. ही जागा मात्र कोरीच राहिली.

श्रीमंत घरांत तर एकीवर भागत नसे. जैन आगमांतल्या कथांमध्ये राजपुत्राला पाच दाया असतात : एक दूध पाजणारी, एक न्हाऊ घालणारी, एक नटवणारी, एक खेळवणारी आणि एक कडेवर घेणारी. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहात ही संख्या आठवर जाते : कामे चार, पण प्रत्येकाला दोन-दोन. आज एका बाईकडून आपण ही पाचही कामे मागतो आणि वर बाळ झोपल्यावर चार भांडी घासायला सांगतो.

महाराष्ट्राला या परंपरेतले एक नाव पाठ आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत ढासळलेली होती, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊंना गडावर बोलावण्यात आले. दोन वर्षांनी, १६५९ मध्ये, सईबाई राजगडावर वारल्या. पोरक्या बाळाला जिजाबाई होत्या आणि धाराऊ होत्या. कापूरहोळ पुणे-सातारा रस्त्यावरच आहे. या गावाचे नाव इतिहासात आले ते लढाईमुळे नव्हे, एका बाईच्या दुधामुळे. धाराऊंच्या मुलांची, अंतोजी आणि रायाजी गाडे यांची, नावेही परंपरेने जपली आहेत आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दूधभाऊ म्हणून त्यांना मान मिळाला. दाईच्या मुलाची कोणी दखल घेतली असे प्रसंग आपल्या इतिहासात विरळा आहेत. अकबराच्या दरबारातही दूधभावांना मोठी पदे मिळाली, पण ते दरबार झाले. साध्या घरांत असे काही घडत नव्हते.

साध्या घरांत येत होती ती न्हाऊ घालणारी बाई. ती अजूनही येते, आणि तिचे काम ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना हे कौशल्य काय असते ते निराळे सांगायला नको. ती पाटावर पाय लांब करून बसते. आधी कोपराने पाणी पाहते. बाळाला नडग्यांवर उताणे घेते, तेल चोळते, हात-पाय तिरपे जुळवून व्यायाम देते, मग पालथे घालून पाठ. डाळीच्या पिठात साय कालवलेली असते, ती अंगाला. तोंडावर पाणी येताच बाळ श्वास कोंडते. त्या क्षणी ती त्याला असे वळवते की नाकात थेंब जात नाही. पुसून झाले की टाळूवर तेल, मग ओवा-वावडिंगाची धुरी, मग घट्ट गुंडाळून आईजवळ. पूर्वी सहाणेवर बाळगुटी उगाळण्याचे कामही पुष्कळदा तिच्याकडेच असे : हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, ज्याचे त्याचे ठरलेले वेढे. आजचे डॉक्टर सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज काही नको म्हणतात, धुरीही नको म्हणतात, आणि ते ऐकायलाच हवे. पण त्या बाईच्या हातांचा आत्मविश्वास पहिलटकरणीला जो धीर देतो तो औषधाच्या चिठ्ठीतून मिळत नाही. तिला रोजचे पैसे, शेवटच्या दिवशी लुगडे आणि खण-नारळ. मूल सांभाळण्याच्या कामाला कौशल्य मानून त्याचा मोबदला आणि मान दोन्ही देण्याची रीत आपल्याकडे होती ती एवढीच.

दिवसभराचे सांभाळणे मात्र फुकट होते. एकत्र कुटुंबाची आठवण काढताना आपण म्हणतो, घर भरलेले असे, मूल कोणाच्याही अंगावर वाढे. कोणाच्याही म्हणजे कोणाच्या? पुरुषांच्या नक्कीच नाही. उच्चवर्णीय घरांत ते पुष्कळदा वाढे एखाद्या विधवेच्या अंगावर. बालपणी नवरा गेलेली आत्या, केशवपन झालेली, आलवण नेसणारी चुलती. सणासमारंभात पुढे यायचे नाही, पण रडणारे पोर रात्रभर खांद्यावर घेऊन फिरायला तीच. तिला ना सुट्टी, ना पगार, ना घर सोडून जायची सोय. आणि अशाच एखाद्या बाईला दिवस गेले तर तिच्या स्वतःच्या मुलाला जगण्याचा हक्क नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते त्या मुलांसाठी. अशा विधवांना तिथे गुपचूप येऊन बाळंत होता येई आणि मूल तिथेच ठेवून जाता येई. ती मुले सावित्रीबाई सांभाळत. त्यांतलाच एक यशवंत, जो फुले दांपत्याचा दत्तक मुलगा झाला. घरातली दहा मुले मांडीवर वाढवणाऱ्या बाईला तिचे एक मूल मांडीवर घेता येत नव्हते. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना ही बाजू विसरू नये.

गरीब घरांत हेच काम थोरल्या बहिणीकडे होते. आई शेतावर, आठ वर्षांची पोर घरी, तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ. त्या पोरीची गोष्ट पुढे येईल.

पगारी, अंगावर स्वच्छ साडी, कामाला वेगळे नाव अशी आया मुंबईत दिसू लागली ती गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत. शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि कामाला येणाऱ्यांत गोव्याच्या ख्रिस्ती बायकाही पुष्कळ होत्या. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्याची आया गोव्याकडची कॅथलिक होती. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात तो तिची आठवण काढतो : रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती प्रार्थनेला थांबे आणि तो तिच्या शेजारी उभा राही. तो इथल्या भाषेतच विचार करत असे. संध्याकाळी आईवडिलांसमोर नेताना, आता इंग्रजीत बोलायचे, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे. पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला पाठवले गेले आणि आयाचा हात सुटला. त्याने तिच्याबद्दल लिहिले, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. तिचे नाव मात्र त्याच्या आठवणीत आलेले नाही.

काही आया या कुटुंबांबरोबर बोटीने विलायतेला जात. समुद्रावर आजारी पडणाऱ्या मडमेला आणि तिच्या मुलांना सांभाळायचे, बोट लागली की काम संपले. परतीच्या भाड्याची बोली झालेली नसली किंवा मालकाने शब्द फिरवला तर ती बाई लंडनच्या रस्त्यावर. अशा बायका इतक्या झाल्या की एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये आल्डगेट भागात त्यांच्यासाठी निवारा उघडला गेला, ‘आयाज होम’. १९०० साली तो लंडन सिटी मिशनने हाती घेऊन हॅक्नी भागात हलवला. हिंदुस्थानात परतणारे एखादे कुटुंब मिळेपर्यंत त्या तिथे थांबत आणि परतीच्या प्रवासात पुन्हा कोणाची तरी मुले सांभाळत घरी येत. जून २०२२ मध्ये त्या घरावर निळी पाटी लागली. थोर माणसांच्या घरांवर लागते तीच पाटी, आणि ती लागली मुले सांभाळणाऱ्या बायकांसाठी. मुंबईत, जिथून त्यांतल्या कित्येक बोटीत चढल्या, तिथेही त्यांची खूण असायला हवी असे मला मनापासून वाटते.

मलबार हिलवर आया बाळाला बाबागाडीतून फिरवत होती त्याच काळात खाली परळ-लालबागला काय होते? गिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. रत्नागिरी, सातारा, अहमदनगरकडून आलेल्या या बायकांबरोबर सासू-जावा आलेल्या नसत. चाळीतल्या एका खोलीत तान्हे मूल आणि आईची पाळी दहा तासांची. यावर त्यांनी काढलेला उपाय वाचताना आजही पोटात कालवते. बाजारात बाळगोळी मिळत असे, अफू घातलेली. सकाळी एक दिली की मूल गुंगीत पडून राही. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी मुंबई सरकारसाठी गिरणीतल्या बायकांची आणि त्यांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्या सरकारी अहवालात नोंद आहे की या बायकांच्या शंभरांतल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती.

म्हणजे जवळजवळ प्रत्येक मुलाला. त्या बायकांना माया नव्हती असे कोणी म्हणू धजणार नाही. त्यांना बाई ठेवणे परवडत नव्हते, पाळणाघर नव्हते, रजा नव्हती. मुलाकडे पाहायला माणूस नसले की काय होते याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

या पाहणीतून आणि कामगार चळवळीच्या रेट्यातून पुढचे कायदे आले. ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये तसेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशातला असा पहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले; १९७६ मध्ये ती अट ३० वर आली. कायद्याला जबाबदारी मान्य झाली, पण तोवर गिरण्यांनी बायका घेणेच कमी करत आणले होते. पाळणाघराचा खर्च टाळायचा सोपा मार्ग म्हणजे आईला कामावर न ठेवणे, हा मार्ग मालकांना तेव्हाही ठाऊक होता. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि ५० माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची सक्ती झाली. रजेचा सगळा भार मालकावरच असल्यामुळे मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत ही भीती पुन्हा डोके वर काढते.

आता त्या कडेवर भाऊ घेतलेल्या पोरीकडे येतो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पाड्यांत शाळा काढली तर मुली येईनात. कारण साधे होते : धाकटे भावंड कोणी सांभाळायचे? दुसऱ्या कोणी असते तर आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटवत बसले असते. या दोघींनी धाकट्याला शाळेत बोलावले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून विकासवाडी केली. थोरलीने धाकट्याला आणायचे, पाळण्यात ठेवायचे आणि शेजारच्या वर्गात बसायचे. बालवाडीत येऊ न शकणाऱ्यांसाठी बालवाडीच अंगणात नेली, ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर नेले. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे काढली, ती पुढे मुंबई-पुण्यातही आली. मूल सांभाळणे हा एका घराने एका बाईशी करायचा व्यवहार न राहता सगळ्यांनी मिळून उचलायचे काम होऊ शकते, हे महाराष्ट्रात पन्नास-साठ वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे. आपण ते गरिबांपुरते ठेवले.

मध्यमवर्गाने आपला मार्ग वेगळा काढला. बायका बँकांत, मंत्रालयात, टेलिफोन खात्यात नोकरीला लागल्या तशी डोंबिवली, ठाणे, पुण्याच्या वाड्या-सोसायट्यांत घरगुती पाळणाघरे निघाली. तळमजल्यावरच्या काकू, दोन खोल्यांत सतरंज्या, दुपारी मऊ भात किंवा खिचडी, संध्याकाळची लोकल चुकली तर थोडे जास्त थांबणे. कितीतरी जणांचे लहानपण अशा काकूंनी निभावले. ज्यांना आजी-आजोबा होते त्यांनी त्यांना गावाहून आणले. अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांनी तर याची पद्धतच बसवली : बाळंतपणाला आधी आई, तिचा सहा महिन्यांचा मुक्काम संपला की सासू. हेही बिनपगारी सांभाळणेच. आजीला नातवंडाचा आनंद असतो, हे खरे. तिला गुडघेदुखी असते, तिचे भिशीचे मंडळ आणि सकाळचे फिरणे सुटलेले असते, हेही खरे. बाई ठेवायची नाही असे ठरवणाऱ्या घराने निदान आजीला विचारून ठरवावे.

आणि काही घरांनी जे केले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गावाकडून दहा-बारा वर्षांची मुलगी आणली, ‘बाळाशी खेळायला’. आमच्या घरी दोन वेळ जेवते, कपडे मिळतात, तिचेही भलेच झाले, असे म्हटले. सुशिक्षित, सज्जन घरांनी म्हटले. ती स्वतः मूल होती. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. कायद्याने जे सांगावे लागले ते आपल्याला आधी दिसायला हवे होते.

कामकरी बायका स्वतः बोलू लागल्या ते पुण्यात. १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, आजारपणाची भरपगारी रजा, खाडे झाले म्हणून पगार न कापणे, अशा मागण्या. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातून उभी राहिली आणि मोलकरीण ही कामगार आहे हे वाक्य शहराने पहिल्यांदा नीट ऐकले. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २८ वर्षे लागली. तो २००८ चा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकामगार बाईलाही संरक्षण दिले, म्हणजे आपले राहते घर हे तिच्या कामाचे ठिकाण असल्याचे मान्य केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे पाहायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. तोवर तास किती, पगार किती, सुट्टी कधी, हे घराघरात ठरते. म्हणजे आपणच ठरवतो.

इथे मूळ प्रश्नाशी पोचलो. बाई ठेवायची का?

टोचणीवरून ठरवू नये, हे एव्हाना स्पष्ट व्हावे. दुसऱ्या बाईच्या मांडीवर वाढलेली मुले ही अपवाद नव्हेत, तीच रीत होती. ‘परवडते का’ एवढ्यावरूनही ठरवू नये. मला वाटते प्रश्न असा विचारावा : आपल्या घराला कामाचे ठिकाण व्हायची तयारी आहे का? ज्या घरात कामाची वेळ पाळली जात नाही, संध्याकाळी सहाला सुटणाऱ्या बाईला रोज साडेसातपर्यंत थांबवले जाते, तिथे बाई टिकत नाही, आणि दर तीन महिन्यांनी बदलणारा हात बाळाला सोसत नाही. ज्या घरात सासू एक सांगते, सून दुसरे सांगते आणि चूक बाईची ठरते, तिथेही नको. नवरा-बायकोपैकी तिच्याशी बोलण्याची, तिच्या रजेच्या दिवशी घरी थांबण्याची जबाबदारी एकट्या आईवरच पडणार असेल तर बाई ठेवूनही त्या आईचा भार फारसा उतरत नाही. अशा घरांनी चांगले पाळणाघर शोधावे. तिथे चार डोळे असतात, एक बाई आली नाही तर दुसरी असते, आणि मुलाला मुले मिळतात. वर्षाच्या आतले, वरचेवर आजारी पडणारे बाळ असेल, किंवा दोघांच्या पाळ्या अवेळी असतील, तर घरी येणारी बाई बरी.

ठेवायची ठरवली तर काम आधी ठरवा. बाळाचे काम म्हणजे बाळाचे खाणे, आंघोळ, कपडे, झोप, खेळ. केर-लादी आणि धुणी-भांडी त्यात येत नाहीत. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीचा बोनस, उचल दिली तर ती कशी फेडायची, हे कागदावर लिहा आणि एक प्रत तिला द्या. आपण कामावर जाण्याआधी निदान आठ-दहा दिवस दोघींनी बरोबर राहावे. बाळ कसे झोपते, भूक लागली की कसे रडते, हे सांगून कळत नाही. पोलीस पडताळणी करा आणि ती का करतो ते तिला सरळ सांगा. घरात कॅमेरा लावणार असाल तर लपवून लावू नका. तिला बसायला खुर्ची, जेवायला तेच ताट आणि वापरायला तेच स्वच्छतागृह द्या. जिच्या हाताने आपले बाळ जेवते तिचा कप वेगळा ठेवणारी घरे अजून आहेत, आणि मला त्याची लाज वाटते. बाळ तिच्याकडे झेपावले, आपल्याकडे यायला रडले, तर पहिल्यांदा दुखेल. दुखू द्या, पण त्यासाठी तिला काढू नका. बाळ तिच्याकडे झेपावते आहे म्हणजे ती काम चांगले करते आहे.

आणि पहिल्याच भेटीत एक विचारा, जे आपल्याकडे फारसे कोणी विचारले नाही : तुम्ही इथे असताना तुमचे मूल कोण सांभाळते? तिच्या उत्तरावर तिची वेळ ठरवा. तिच्या मुलाची शाळा साडेबाराला सुटत असेल, अंगणवाडी दोनला बंद होत असेल, तर आपले तास थोडे सरकवता येतात का ते पाहा. तिचे मूल आजारी असले तर तिला येऊ नका म्हणा आणि पगार कापू नका. घरेलू कामगार कल्याण मंडळात तिची नोंदणी झालेली नसेल तर कामाचा दाखला लिहून द्या आणि एक दिवस तिच्याबरोबर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन या. १८ ते ६० वर्षांच्या घरकामगारांना ती नोंदणी करता येते.